झोपून बघायचं घर

अंकल घर दाखवायला यायचे तेव्हा त्यांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर एक गुंडाळलेली चटई बांधलेली असायची. चटईच्या पोटात दोन पातळ उशा. हँडलला पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, हातपंखा आणि स्टीलच्या डब्यात फुगे. फुगे म्हणजे त्यांच्या लोकांचे ते गोल, तळलेले, किंचित गोड पाव. हा माणूस घर दाखवायला निघालाय की सहलीला, असा प्रश्न बघणाऱ्याला पडायचा. मला तो अजूनही पडतो.

बाकीचे एजंट दार उघडल्याबरोबर बोलायला लागतात. हवा कुठून येते, देवघर कुठे बसेल, खालच्या जिममध्ये मशिनं किती. अंकल कुलूप उघडायचे, खिडक्या उघडायचे, खोलीच्या मध्यावर चटई पसरायचे, उशा ठेवायचे आणि म्हणायचे, "झोपा." मग बाहेर जाऊन दार ओढून घ्यायचे आणि जिन्यावर बसून राहायचे. आतून बोलण्याचा आवाज आला की दारावर टकटक. "बोलू नका. झोपा." झोप लागली तर घर घ्यायचं, नाही लागली तर पुढच्या रविवारी दुसरं. त्यांच्या धंद्याला यापलीकडे नियम नव्हता.

"घर डोळे उघडे ठेवून काय बघायचं गो बाय?" ते म्हणायचे. "डोळ्यांचा काय, लादी चकचकीत दिसली की ते खूश."

ते बोरिवलीच्या बाजूच्या एका जुन्या गावठाणातले. मराठी बोलणारे ख्रिस्ती, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. गावठाणाच्या तोंडाशी एक दगडी क्रूस आहे, त्याच्याशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून ते बसत, तेच ऑफिस. पाटी नाही, कार्ड नाही. अख्खी गल्ली त्यांना अंकल म्हणायची म्हणून आम्हीही अंकल म्हटलं आणि नाव विचारायचं राहूनच गेलं. माझ्या फोनमध्ये ते अजून "अंकल घर" आहेत.

आम्ही त्यांच्याकडे कसे पोचलो ते सांगते. माझं लग्न झालं आणि मी घाटकोपरला, डोंगरावरच्या वस्तीत, दिरांच्या वन रूम किचनमध्ये आले. बाहेरच्या खोलीत दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं आणि सासूबाई. आम्ही नवीन जोडपं म्हणून आम्हाला मानानं स्वयंपाकघर दिलेलं. मानानं, खरंच. जाऊबाई रोज रात्री ओटा पुसून, भांडी आवरून आमच्यासाठी जागा करून द्यायच्या. पण तहान सगळ्यांनाच लागते आणि पाण्याचं पिंप आमच्या उशाशी. सासूबाई मालवणकडच्या, फार मायाळू. अंधारात चाचपडत यायच्या आणि कुजबुजायच्या, "निजा निजा, मी पाणी पिऊक इलंय." आम्ही श्वास रोखून पडून राहायचो.

त्या घरात कोणी वाईट नव्हतं, हीच पंचाईत होती. एखादं माणूस खाष्ट असतं तर तरातरा निघून तरी आलो असतो. इथे कुणाला काही बोलायची सोय नव्हती आणि आपसात बोलायचीही नव्हती. नवरा-बायको म्हणून आमचं जे काही बोलणं व्हायचं ते कुजबुजत. मला त्याचा राग आला तरी कुजबुजत, त्याला माझा आला तरी कुजबुजत. कुजबुजत भांडता येत नाही, करून बघा. दोन वाक्यांनंतर हसू तरी येतं नाहीतर रडू. आम्हाला आधी हसू यायचं. मग तेही येईनासं झालं.

माझी नोकरी मुलुंडला, चष्म्याच्या दुकानात. माहेर दुकानाच्या मागच्याच गल्लीत. आज उशीर झाला म्हणून राहिले, उद्या लवकर दुकान उघडायचंय म्हणून राहिले, असं करत करत माझे कपडे हळूहळू माहेरच्या कपाटात जमा झाले. आईनं आधी लाड केले. मग एकदा पोळ्या लाटता लाटता मागे न बघता म्हणाली, "काय गं, तू माहेरी आली आहेस की परत आली आहेस, ते एकदा सांग. लोक विचारतात." ते मलाच माहीत नव्हतं. नवरा फोन करायचा, जेवलीस का विचारायचा, मी हो म्हणायचे. रविवारी भेटायचो आणि घरं बघत हिंडायचो. घर मिळालं नाही तर हे लग्न असंच, कुणाची काही चूक नसताना, विरघळून जाईल अशी मला भीती वाटायला लागली होती. ती मी कुणाजवळ बोलले नव्हते.

आमच्या पगारात मुलुंड बसत नव्हतं, घाटकोपर बसत नव्हतं, अंधेरीचं नाव काढलं की एजंट आमच्याकडे फार मायेनं बघायचे. असे सरकत सरकत आम्ही बोरिवलीला त्या क्रुसापाशी आलो. दुकानातल्या एका गिऱ्हाईक बाईनं पत्ता सांगितला होता. "माणूस थोडा सटकलेला आहे," ती म्हणाली होती, "पण घर देतो."

सटकलेल्या माणसानं आम्हाला समोर उभं केलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमी कुठल्या कुशीवर झोपता?"

नवऱ्याचे कान लाल झाले. तो लिफ्टच्या मेंटेनन्सचं काम करतो, लोक त्याला माळे किती आणि वजन किती एवढंच विचारतात. मी म्हटलं, "मी डाव्या."

"आणि पोरगा?"

"उताणा," नवरा पुटपुटला.

"बरा हाय. घोरतोस?"

"तिला विचारा."

"मला माहीत नाही," मी म्हटलं. हे खरं होतं. घाटकोपरला दोघांनाही गाढ झोप लागायचीच नाही. अंकलनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, मग खुर्चीतून उठले आणि चटई बांधायला लागले.

पगार, डिपॉझिट हे त्यांनी नंतर विचारलं, तेही स्कूटर सुरू करता करता. लग्न झालंय का, जात कोणती, हे विचारलंच नाही. "मासे खाता? खाता तर मासेवाल्यांच्या शेजारी बघू. नाय खात तरी तिकडेच बघू, वासाची सवय होईल." फक्त एकट्या माणसाला ते घर दाखवत नसत. आमच्या देखत त्यांनी एका चांगल्या नोकरीतल्या मुलाला परत पाठवलं. "एकट्याला घर कशाला पायजे?" ते आम्हाला म्हणाले. "एकटा कुठंपण पडतो." ते स्वतः एकटे होते. लग्न राहून गेलं, असं त्यांनीच एकदा सांगितलं. छत्री रिक्षात राहून गेली म्हणावं, इतक्या सहज.

पहिलं घर जोगेश्वरीला बघितलं. बघितलं म्हणजे काय, चैत्रातल्या रणरणत्या दुपारी त्या रिकाम्या खोलीत चटईवर आडवे झालो. भिंतींना नुकताच रंग दिला होता, त्याचा ओलसर, गार वास येत होता. बाहेर कबुतरं घुमत होती. दार बंद होतं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा आम्ही दोघं बंद दाराआड एकटे होतो आणि ते दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. त्यानं माझा हात धरला. मनात जे यायला हवं ते आलंही, खोटं कशाला बोलू. पण जिन्यावर अंकल बसले होते आणि त्यांच्या डब्याच्या झाकणाचा आवाज इकडे स्पष्ट येत होता. आम्ही छताकडे बघत राहिलो. खिडकीतून उन्हाचा एक चौकोन लादीवर पडला होता. तो कुठवर सरकतो बघू या, असं मी मनाशी म्हटलं आणि त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा चौकोन भिंतीवर चढला होता आणि नारिंगी झाला होता. मी कोण, कुठे आहे, आत्ता सकाळ की संध्याकाळ, काही कळेना. शेजारच्या कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली आणि मला वाटलं की हे माझंच घर आहे, फार वर्षांचं, आणि मला आता उठून चहा टाकायचाय. नवरा उताणा झोपला होता. घोरत होता. त्या घोरण्याचं मला एवढं अप्रूप वाटलं की मी त्याला उठवलं नाही, तशीच ऐकत पडून राहिले.

"लागली?" दार उघडल्यावर अंकलनी विचारलं.

"लागली."

"सपान काय पडला?"

"पाणी दिसलं. शेतात साचलेलं."

अंकल इतके खूश झाले की त्यांनी आम्हाला उरलेले सगळे फुगे दिले. घर मात्र मिळालं नाही. दोघं कमावतात म्हटल्यावर मालकानं भाडं वाढवलं.

पुढच्या रविवारी बोरिवली. तिथेही झोप लागली आणि तिथेही भाडं झेपेना. मग दुसरं एक, मग तिसरं. आमच्या एक लक्षात आलं, पण दोघांनीही बोलून दाखवलं नाही. आम्ही आता घर शोधत नव्हतो. आम्ही रविवारच्या दुपारी शोधत होतो. आठवडाभर मी काउंटरवर लोकांच्या डोळ्यांना भिंगं लावायचे आणि मनात त्या चटईवर पडलेली असायचे. कुणाच्या कुणाच्या त्या खोल्या, आधीच्या भाडेकरूच्या कॅलेंडरचा खिळा भिंतीत तसाच, मोरीत अर्धा साबण, आणि त्यात आम्ही दोघं, तासाभराचे मालक. कधी मी झोपेतून अर्धवट जागी व्हायचे आणि तो माझ्याकडे बघत असायचा. बोलायचो नाही. बोललं की टकटक.

या झोपायच्या खुळाचं मूळ अंकलनी मला एकदा सांगितलं. त्यांच्या आजोबांना नवीन घर बांधायचं होतं तेव्हा त्यांनी खाट उचलली आणि स्वतःच्या शेतात जागा बदलून बदलून दुपारची झोप घेऊन बघितली. कधी आंब्याखाली, कधी विहिरीपाशी, कधी बांधावर. जिथे डोळा लागला तिथे चौथरा घातला. "वालाचा शेत होता. मोठा. आमी सगळे त्या घरात जलमलो." ते घर आता नाही. भावाभावांत वाटण्या झाल्या, शेत आधीच गेलं होतं, घर मग गेलं. त्या जागेवर जो टॉवर उभा आहे तो त्यांनी मला क्रुसापासून बोटानं दाखवला. "ती बघ, वरून पाचवी खिडकी. तिच्या बरोबर खाली आमची पडवी." त्या टॉवरबद्दल ते वाईट बोलत नसत. तिथे राहणाऱ्यांना झोप लागते का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं, पण वॉचमन आत सोडत नसे.

स्वतः अंकल जवळच एका नव्या बिल्डिंगमध्ये, चौथ्या मजल्यावर भाड्यानं राहत. "तिथं लागते का झोप?" मी विचारलं. ते म्हणाले, "आता वय झाला. म्हाताऱ्याला कुठं झोप येते?" आणि चटई झटकायला लागले.

गाडं अडलं ते साकीनाक्याला. खोली कारखान्यांच्या गाळ्यांना लागून, भिंतीपलीकडे पत्रा ठोकायचं मशीन. धाड धाड, थांबून परत धाड. अंकल तिथे प्रत्येक जोडप्याला एकदा न्यायचे, मुद्दाम. वाईट घर कसं असतं ते कळलं की चांगलं ओळखता येतं, असा हिशोब. गिऱ्हाईक पाच मिनिटांत कानावर हात ठेवून बाहेर येई.

आम्ही पार संध्याकाळपर्यंत झोपलो. शेवटी त्यांनीच दार वाजवून उठवलं.

"इथं?" अंकल म्हणाले. "इथं झोप लागली?"

"मस्त लागली," नवरा डोळे चोळत म्हणाला.

अंकलचा चेहरा पडला. असे अपमान झाल्यासारखे दिसले की मलाच वाईट वाटलं. त्यांनी चटई गुंडाळली, पण बांधली नाही, तशीच काखेत धरून उभे राहिले. "तुमाला काय बघायचाय मग? तुमाला रस्त्यावर टाकला तरी झोपाल. तुमची झोप काय कामाची नाय. मी कसा ओळखू तुमचा घर?"

"अंकल, हेच देऊन टाका ना. स्वस्त आहे," नवरा म्हणाला.

"नाय देणार!" ते ओरडले. मशीनच्या आवाजावरून ओरडावंच लागत होतं, पण ते त्याहून मोठ्यानं ओरडले. "उद्या शिव्या घालाल मला." आणि स्कूटरला किक मारून आम्हाला तिथेच सोडून निघून गेले.

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. एक रविवार गेला, दुसराही गेला. मी मुलुंडलाच राहिले. रविवारी दुपारी आईच्या पलंगावर, पंख्याखाली आडवी झाले आणि मला झोप लागली नाही. तेव्हा मी रडले. आईनं बघितलं आणि दार लोटून घेतलं. मी त्या दिवशी ठरवलं होतं की आता नवऱ्याला स्पष्ट सांगायचं, जमत नाही आपलं, जागाच नाही. सांगायला फोन उचलला आणि त्यावर "अंकल घर" वाजत होतं.

"दहिसरला ये. शेवटचा दाखवतो. पोरग्याला पण सांग."

नदीच्या अलीकडे, जुनी तीन मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही. नवरा त्यावरच खूश. लिफ्ट असती तर रविवारी बिल्डिंगवाल्यांनी त्याला हाक मारलीच असती. पहिल्या मजल्यावरची वन रूम किचन. भाडं आमच्या आवाक्यातलं, कारण भिंतींना ओल आणि खिडकीसमोर दुसऱ्या बिल्डिंगची पाठ. अंकलनी चटई पसरली. आमच्याशी धड बोलले नाहीत. "झोपा," म्हणाले, तेही हताशपणे.

आम्ही आडवे झालो. तो म्हणाला, "हे नाही जमलं तर साकीनाक्याचं घेऊ. अंकलना मी समजावतो."

"मला नाही राहायचं त्या धाडधाडीत."

"तुला कुठेच नाही राहायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही."

टकटक झाली नाही. मी उठून बसले. "म्हणजे काय ते सांग. नीट सांग."

"आई विचारते, सून कधी येणार. मी सांगतो, दुकानात काम आहे. रोज खोटं बोलतो मी, रोज! तुला एकदा तरी वाटलं का की जाऊन बघावं, नवरा कसा राहतोय?"

"कुठे येऊ? ते घर आहे तुझं? तुझ्या भावाचं किचन आहे ते! पिंपाशेजारी येऊन झोपू?"

"मग काय करू मी? आणू कुठून घर?"

"तू एकदा तरी ये म्हणालास का मला? एकदा? जेवलीस का, जेवलीस का! मी काय उपाशी मरते तिकडे?"

"कुठे ये म्हणू?" तो उभा राहिला होता. "लाज वाटते मला! बायकोला ओट्याखाली ये म्हणू?"

रिकामी खोली, भांडं नाही की पडदा नाही. त्याचा आवाज चारी भिंतींवर आपटून परत आला. एवढा मोठा आवाज या माणसाला आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. माझाही काही कमी नव्हता. आम्ही जे जे इतके दिवस गिळलं होतं ते सगळं ओरडून बोललो. त्याच्या बहिणीनं लग्नात मारलेल्या टोमण्यापासून मी त्याच्या वाढदिवशी न येण्यापर्यंत. मग बोलायचं संपलं. तो भिंतीला टेकून खाली बसला. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. माझ्या नाकातून पाणी वाहत होतं आणि त्यानं आपल्या शर्टाच्या बाहीनं ते पुसलं. "ये," तो म्हणाला. साध्या आवाजात, कुजबुजत नाही.

बऱ्याच वेळानं आम्ही दार उघडलं. अंकलना सांगायचं होतं की आज काही झोप लागली नाही, माफ करा. तर अंकल जिन्यावर भिंतीला डोकं टेकून गाढ झोपलेले. तोंड उघडं, एक चप्पल खालच्या पायरीवर गेलेली. आम्ही त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. काय करावं कळेना म्हणून आम्हीही पायरीवर बसलो.

समोरच्या घरातली बाई भाजीची पिशवी घेऊन वर आली. "भांडत होतात ते तुम्हीच का?"

मी मान खाली घातली.

"नवीन आलात?"

"अजून नाही," नवरा म्हणाला.

"मग या. पाणी सकाळी येतं. पिंप भरून ठेवावं लागतं," असं म्हणून ती अंकलना ओलांडून आत गेली.

त्या आवाजानं अंकल जागे झाले. डोळे उघडले आणि काही वेळ त्यांना आम्ही कोण ते कळलं नसावं. वालाच्या शेतातून परत यायला त्यांना जरा वेळ लागला. मग त्यांनी पायानं चप्पल शोधली.

"लागली झोप?"

"नाही अंकल. भांडलो."

"ऐकला. सुरवात ऐकली." ते उठले, कपडे झटकले. "घ्या ही खोली."

"अहो, पण झोप..."

"तुमाला झोप कुठंपण लागते. ती काय कामाची? भांडण कुठं झाला? जोगेश्वरीला झाला? बोरिवलीला झाला? साकीनाक्याला मशीनच भांडत होता, तुमी नाय. इथं झाला. मग?" त्यांनी आपली चावी नवऱ्याच्या हातात ठेवली. "चटई राहू दे. पलंग आला की द्या."

घर घेतलं. मी मुलुंडची नोकरी सोडून बोरिवलीतलं दुकान धरलं, आईनं माझे कपडे बॅगेत भरले आणि वर एक लोणच्याची बरणी ठेवली. पलंग आला. चटई परत करायला गेलो तर अंकल म्हणाले, असू दे तिथंच. आणि महिन्याभरात कारण कळलं. रविवारी दुपारी बेल वाजायची. "या बाजूला आलो होतो," ते म्हणायचे आणि बाहेरच्या खोलीत चटई पसरून पडायचे. आम्ही स्वयंपाकघरात गप्पा मारत असायचो, भाजी निवडत असायचो, वाद घालत असायचो. ते घोरायचे. म्हातारा माणूस झोपलाय म्हणून आम्ही आवाज कमी केला की जागे व्हायचे. हे समजायला आम्हाला बरेच रविवार लागले.

त्या जुन्या घराच्या पडवीत दुपारी काकवा, आत्या मासे साफ करत बसायच्या आणि कडाकडा भांडायच्या, आणि हा मुलगा त्यांच्यामध्ये झोपलेला असायचा. हे त्यांनी चहा पिता पिता एकदा सांगितलं. "चौथ्या माळ्यावर आवाजच नाय गो. सगळे काच लावून एसीत. मी टीव्ही लावून बघितला. टीव्हीला समजते, आपण झोपलो ते, तो आपोआप बंद होतो."

मग त्या चौथ्या मजल्याच्या मालकानं खोली विकायला काढली आणि एवढ्या जोडप्यांना घरं देणाऱ्या माणसावर स्वतःसाठी घर शोधायची पाळी आली. आता चटई आम्ही उचलली. एजंट दुसरा, एक तरुण मुलगा. आत अंकल आडवे झालेले, जिन्यावर आम्ही. तो मुलगा सारखा घड्याळात बघायचा. प्रत्येक वेळी अंकल दार उघडून मान हलवायचे. ते थकत चालले होते.

"एकट्याला घर कशाला, असं तुम्हीच म्हणायचात," मी त्यांना हसवायला म्हटलं.

"म्हणायचो," ते म्हणाले. "तवा झोप होती." ते हसले नाहीत आणि मी पुन्हा तो विषय काढला नाही.

आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरची मागची खोली बरेच दिवस रिकामी होती. अंधारी म्हणून कोणी घेत नव्हतं. बरोबर आमच्या स्वयंपाकघराखाली. हे आम्हाला आधी का सुचलं नाही देव जाणे. अंकल आत गेले, चटई पसरली आणि आम्ही जिन्यावर बसायला लागलो तर बाहेर आले. "इथं नको. तुमी वरती जावा. रोजच्यासारखे वागा."

आम्ही वर आलो आणि स्वयंपाकघरात समोरासमोर उभे राहिलो. रोजच्यासारखं वागायचं म्हटल्यावर रोज आपण काय करतो तेच आठवेना.

"बोल ना काहीतरी," मी कुजबुजले.

"काय बोलू?" तोही कुजबुजला.

"भांड."

"कशावरून?"

घाटकोपरच्या ओट्याखालचे तेच दोन आवाज. मला कसंतरीच झालं. तेवढ्यात खिडकीखालून हाक आली. "जोरात बोला गो बाय! ऐकू येत नाय!"

आम्ही हसत सुटलो. हसता हसता मी म्हटलं, यंदा गणपतीला घाटकोपरला जायचं तर दोन दिवस आधी जाऊ, जाऊबाईंच्या एकटीच्या अंगावर सगळं पडतं. तो म्हणाला, सुट्टी मिळणार नाही. मी म्हटलं, तुझी सुट्टी बरोबर त्याच दिवशी कशी मिळत नाही. तो म्हणाला, सणाला लिफ्ट बंद पडतात, मी पाडतो का? मी म्हटलं, तुझ्याच आईच्या घरचा गणपती आहे, मी मुलुंडची, मला काय पडलंय. आणि मग आम्ही खरंच सुरू झालो. आमटी उतू गेली, ती कोणाच्या चुकीनं यावरून आणखी थोडं झालं. अंकल खाली आहेत हे दोघंही साफ विसरलो.

आठवलं तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं होतं. मी तशीच ओल्या हातानं खाली पळाले. दार नुसतं लोटलेलं होतं. अर्धवट अंधारात चटईवर अंकल कुशीवर झोपले होते, डाव्या, माझ्यासारखे. चष्मा उशाशी. श्वास लांब, सावकाश. त्यांच्या झोपेत आता शेत होतं की पडवी, कोण जाणे. मी दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसले.

वरून नवऱ्यानं कठड्यावरून डोकावून हळूच विचारलं, "झोपले?"

"झोपलेत," मी म्हटलं. "तू बोलत राहा."